आत्याचं नाणं आणि पाण्याचा पेला

नाना गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना मखमली डबीत ते नाणं निघालं. एका बाजूला मेपलचं पान, दोन्ही अंगांना 9995 (दहा हजारांत इतके भाग शुद्ध) कोरलेलं, दुसऱ्या बाजूला राणी. टोरांटोच्या आत्यानं 1990 साली नानांच्या निवृत्तीला दिलेलं कॅनडाच्या टांकसाळीचं एक औंस प्लॅटिनम. आम्ही तिघं भावंडं, आणि नाणं कापून वाटता येत नाही. विकायचं ठरलं. सराफा मला जवळ, म्हणून काम माझ्या गळ्यात.

वाटलं होतं, तासाभराचं काम. इंदूरच्या सराफ्यात सोनं विकायला वेळ लागतो का कधी?

पहिल्या दुकानात शेठनं न उचलताच "चांदी है" म्हटलं. मी तळहातावर ठेवलं तेव्हा ते गप्प झाले. तीन सेंटीमीटरच्या एवढ्याशा चकतीचं वजन 31.1 ग्रॅम, त्याच मापाची चांदी निम्मीही भरत नाही. दुसऱ्यानं कसोटी आणि तेजाबाची बाटली काढली. मी नाणं अक्षरशः हिसकावून घेतलं. सोन्याच्या तेजाबानं प्लॅटिनमला काही होत नाही, पण कसोटीवर घासलेलं नाणं कोणता संग्राहक घेईल? तिसऱ्याकडे टंच, म्हणजे शुद्धता, काढायचं मशीन होतं. चिठ्ठीवर शुद्ध प्लॅटिनम आलं, तरी मालक मान हलवतच राहिले: "मशीन ऊपर का बताती है, भिया. अंदर टंगस्टन निकला तो?"

शंका रास्त होती. ते मशीन पृष्ठभागच वाचतं, आणि टंगस्टनवर सोनं चढवून फसवणाऱ्यांनी बाजार पोळलेला आहे. पण टंगस्टनची घनता, म्हणजे एका घन सेंटीमीटरचं वजन, 19.25 ग्रॅम, सोन्याच्या 19.3 च्या खेटून, म्हणून ती लबाडी सोन्यात खपते. प्लॅटिनमची 21.45. एवढं जड आणि वर स्वस्त असं काही नाहीच. इरिडियम आणि ऑस्मियम जड आहेत, पण ते घालून कोण फसवणार?

मग घरी ओट्यावर प्रयोग. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याचा पेला, आकडा शून्यावर आणला, आणि शिवणाच्या दोऱ्यानं नाणं पाण्यात लोंबतं सोडलं. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पाणी नाण्यानं सरकवलेलं, म्हणजे तितकेच घन सेंटीमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्यानं भागलं की घनता. पहिल्यांदा 1.52 आलं. भागाकार 20.5, आणि माझ्या पोटात गोळा. नीट पाहिलं तर राणीच्या मानेखाली हवेचा बुडबुडा चिकटला होता. बोटानं पुसून पुन्हा सोडलं, तळाला लागू न देता: 1.45. 31.1 भागिले 1.45, म्हणजे 21.45. जमलं.

तरी भाव नीट मिळेना. कुणी म्हणे आमचा हिशेब दागिन्यांच्या 950 चा, म्हणजे हजारात 950 भाग शुद्ध मालाचा. कुणी पंधरा टक्के बट्टा लावी. कारण पुढे कळलं: सोनं 1064 अंशांना वितळतं, प्लॅटिनमला 1768 लागतात. इथल्या भट्टीत ते होत नाही, माल बाहेर पाठवावा लागतो. राग जरा निवला.

शेवटी तिसऱ्याच दुकानात पुन्हा गेलो, दोरा खिशात घालून. चहावाल्याकडून पेला मागवला आणि त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच हातानं करायला लावलं. दोन गुमास्ते आणि शेजारचा दुकानदार वाकून बघत होते. 1.45. शेठनी कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. त्या दिवसाच्या भावातून सात टक्के बट्ट्यावर सौदा झाला, पॅन घेतलं, पैसे बँकेत. कराचं आमच्या सीए वहिनीनं पाहिलं: 1 एप्रिल 2001 च्या आधीपासून घरात असलेल्या वारशाच्या वस्तूला त्या दिवसाचा बाजारभाव मूळ किंमत धरता येतो, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

बाहेर ओटल्यावर गराडूवाला, तळलेला कंद विकणारा, कढई मांडत होता. मी पायरी उतरलो तशी मागून शेठची हाक आली.

"भिया, वो धागा यहीं छोड़ जाओ."