हिरवट भुसा

साइटवर करवतीखाली हिरवट भुशाचा ढीग दिसला आणि पोटात गोळा आला. वाळवी-कूज लागू नये म्हणून तांबं-क्रोम-आर्सेनिकचं द्रावण भरलेलं लाकूड कापलं की असा भुसा पडतो. आम्ही हे औषध भरून पाठवलेले निलगिरीचे गोल खांब चारी बाजूंनी तासून चौकोनी करणं चाललं होतं.

औषध दाबाखाली भरलं म्हणजे आरपार गेलं, असा बहुतेकांचा समज. पण निलगिरीचं फक्त बाहेरचं कच्चं लाकूड द्रावण पितं. गाभ्याच्या नळ्या बुजलेल्या, तो कितीही दाब दिला तरी जवळजवळ कोराच राहतो. सुतार ज्याला कच्चं म्हणून तासून टाकतो, तेच आमच्याकडून निघताना सगळ्यात टिकाऊ झालेलं असतं.

या लॉटवर मेहनतही केली होती. मीटर टोचून टोचून ओलावा २५ टक्क्यांखाली आणला, कारण आत पाणी असेल तर द्रावणाला जागाच नसते. मग सिलिंडरमध्ये आधी निर्वात, तो न सोडता द्रावण आत, आणि दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलो दाब, लाकूड आणखी प्यायचं थांबेपर्यंत. शेवटी पुन्हा निर्वात, म्हणजे नंतर ठिबकत नाही. त्यानंतर सावलीत थप्पी. सोंटी कामेसम यांनी १९३३ साली डेहराडूनला काढलेल्या या मिश्रणाचं मर्म क्रोमियममध्ये आहे. त्याच्यामुळे तांबं आणि आर्सेनिक लाकडाला धरून बसतात, पावसात धुऊन जात नाहीत. पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि घाई सगळ्यांनाच असते.

तासल्यावर औषध निघून गेलं, हे माझं म्हणणं साइटच्या मालकाला पटेना. एका चौकोनी खांबाचं टोक कापून क्रोम ॲझुरॉल फवारलं. तांबं असेल तिथे ते गडद निळं होतं. चार कोपऱ्यांत नखाएवढा निळा, बाकी सगळं नारिंगी.

"मग परत टाका ना सिलिंडरमध्ये!" आता गाभाच उरलाय, तो पिणार काय? भिंतीला टेकायला सपाट बाजू हवी, हे त्याचं खरं. पण कच्चा थर जाणार नाही एवढाच रंधा मारून, खाचा-भोकं पाडून आधी आणलं असतं, तर खाचांतही औषध चढलं असतं. मालासोबतच्या आमच्या चलनावर तसं छापलंय. चलन वाचतो कोण!

एका मजुराने कापलेल्या फळ्या चुलीसाठी बाजूला काढल्या होत्या. त्या जाळल्या तर आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं, एवढं मात्र सगळ्यांनी निमूट ऐकलं. खांब जमिनीत पुरू नका, छपराखाली कोरड्यात वापरा, असं सांगून निघालो.

नंतर मालकाचा फोन: चौकोनी खांबांचं प्रमाणपत्र द्या, लाकूड तेच आहे, पैसेही पूर्ण भरलेत. मी नाही म्हटलं. किती किलो औषध चढलं ही आमची नोंद खरीच आहे, फक्त त्यातलं बरंचसं आता भुशात गेलंय. पण जुनं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहेच, आणि खांब गोल की चौकोनी हे त्यावर कुठे लिहिलेलंच नसतं.