पाचरीने जुळवलेलं गोल चौकट-काम

परवाचं काम म्हणजे 900 मिमी व्यासाची गोल आरशाची चौकट, रुंदी 80. आमच्या वर्कशॉपमधले काका म्हणाले, "अरे रुंद फळीतून चार मोठे तुकडे गोलाईत काप आणि जोड, कशाला एवढा व्याप." पण तसं केलं की तुकड्याच्या टोकाला लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि लाकूड तिथेच तुटतं. म्हणून मी 12 तुकडेच करायचं ठरवलं, प्रत्येकाची रेष गोलाईच्या बरोबर धावते, मजबुती तिथून येते.

आता खरी गोष्ट कोनाची. 12 तुकडे म्हणजे 24 काप, प्रत्येक 15 अंशांचा. करवतीच्या मशीनच्या स्केलवर 15 दिसलं म्हणून ते 15 असतंच असं नाही. प्रत्येक कापात 0.1 अंश चुकला तरी रिंग पूर्ण होईपर्यंत 2.4 अंश होतात, म्हणजे शेवटच्या जोडात एका टोकाला जवळपास 4 मिमीची फट! लांबी वगैरे नंतर जमवता येते हो, हे नाही जमत.

म्हणून उरलेल्या प्लायची स्लेड बनवली, म्हणजे लाकूड ठेवून करवतीवरून सरकवायचा पाट. तिच्यावर समोरासमोर दोन फेन्स (लाकूड टेकवायच्या सरळ पट्ट्या), आणि त्यांच्यामध्ये 30 अंशांची पाचर ठेवून दोन्ही घट्ट केले. पाचर आखताना प्रोटॅक्टर लावलाच नाही, 500 मिमी पाया, 288.7 उभी बाजू, काटकोन, झालं. पट्टी एकदा या फेन्सला टेकवून कापायची, पुढचा काप त्या फेन्सला. एक काप 15.2 झाला तर समोरचा आपोआप 14.8 होतो, तुकड्याचा एकूण कोन 30 च राहतो. मला ही युक्ती फार म्हणजे फारच सुंदर वाटते. अट एकच, पट्टीच्या दोन्ही कडा समांतर हव्यात, म्हणून पट्ट्या आधी नीट प्लेन केल्या. गोलाई नंतर कापायची म्हणून रुंदी 80 ऐवजी 95 मिमी घेतली, प्रत्येक तुकड्याची बाहेरची लांबी 242.

सगळे तुकडे न चिकटवता मांडले, पट्ट्याने आवळले, आणि काकांनी बॅटरी मागून धरली. एकाही जोडातून उजेड आला नाही! काका बराच वेळ एकेका जोडावरून नख फिरवत होते.

ग्लू लावताना कापलेल्या तोंडांना आधी पातळ हात दिला कारण तिथलं लाकूड ग्लू पिऊन टाकतं, थोड्या वेळाने दुसरा, मग दोन अर्ध्या रिंगा, त्या वाळल्यावर पूर्ण रिंग. दुसऱ्या दिवशी प्लायवर खालून स्क्रूने पक्की केली, प्लायच्या मध्यात पिन, आणि एका लांब पट्टीला बांधलेला राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं मशीन) त्या पिनेभोवती फिरवून गोलाई कापली, दर फेरीला 3 मिमीच खोल. घाई केली की जोडापाशी लाकूड उचकटतं.

काका पाचर हातात घेऊन म्हणाले, "दरवाजाच्या अर्धगोल कमानीला चालेल का रे ही?"

"चालेल की काका, सहा तुकडे, हीच पाचर."