आतलं दीड इंच

न घातलेले कपडे हा फाटक्या कपड्यांपेक्षा अवघड मामला. फाटक्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. आधी फडकं, मग पायपुसणं, नाहीतर गोधडीच्या पोटात. पण आहेरात आलेला मोरपंखी ड्रेस, नणंदेच्या लग्नात एका संध्याकाळपुरता अंगावर चढलेला अनारकली, परत करायची मुदत उलटून गेलेला ऑनलाइन कुर्ता, यांचं काय करायचं? कापडाला काही झालेलं नाही, आपणच आडवे वाढलोय. बोहारणीला द्यायचं तर ती एवढ्या जरीच्या कपड्यावर एक स्टीलचा डबा देते, आणि वर आपल्याकडेच उपकार केल्यासारखं बघते.

आजीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसावा. लुगडं विरलं की विरलेला भाग कापून उरलेलं जोडायचं, दांड घालायचा, आणि पुन्हा नेसायचं. त्यांची सुई फाटण्याच्या मागे धावायची. आमच्याकडे कपडा फाटण्याआधीच कंटाळा येतो, म्हणून आमच्या हातात सुईच्या आधी अर्धं ब्लेड येतं.

आणि खरं सांगायचं तर मला शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त आवडतं. दुपारी गॅलरीत बसायचं, कपडा उलटा करायचा, दर चार-पाच टाक्यांनी एक टाका कापत जायचं. मग दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद ओढला की लांबच्या लांब निघून येतो. कपडा कोणी शिवला ते तेव्हा कळतं. जुन्या मास्टरजींनी शिवलेलं ब्लाऊज असेल तर कुशीत एकीशेजारी एक अशा तीन टिपा सापडतात आणि त्यांच्यापलीकडे चांगलं दीड इंच कापड आत दुमडलेलं. बाई लग्नानंतर भरणार, बाळंतपणानंतर आणखी भरणार, हे त्या माणसाने माप घेतानाच धरलेलं असतं. तोंडाने बोलत नाहीत हे लोक, पण एकेक टीप उसवायची सोय करून ठेवतात.

रेडीमेडमध्ये आत बघितलं की जीव खट्टू होतो. ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवताच शेजारचं कापड सुरीने छाटत जातं, त्यामुळे शिवणीपलीकडे उरतं जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मं. त्यात सैल काय करणार? म्हणून माझं ठाम मत झालंय की जुन्या कपड्याचं नवं काय होणार, हे आपल्या कल्पकतेपेक्षा पहिल्या शिंप्याच्या दानतीवर अवलंबून असतं. व्हिडिओत बायका दहा मिनिटांत साडीचा गाऊन करून दाखवतात. साडीत साडेपाच मीटर कापड सलग असतं, त्यात काय मोठंसं! शिवलेला कुर्ता घेऊन बसा म्हणावं.

न घातलेल्या कपड्याचा एक फायदा मात्र आहे. वापरलेल्या कुर्त्याची दुमड सोडली की आतला भाग गडद आणि बाहेरचा उडालेला, मधे सरळ रेघ. अंगावरच चढला नाही, धुतलाच नाही, त्यात ही भानगड नसते. सुती कपड्यात सुईची जुनी भोकंही एका धुण्यात मिटतात. रेशमात आणि सॅटिनमध्ये ती राहतात, तिथे लेस नाहीतर पायपिंग लावून झाकावं लागतं.

महेश्वरीपाशी मात्र माझा हात थबकतो. इंदूरच्या मराठी घरात कपाट उघडलं आणि महेश्वरी निघाली नाही असं सहसा होत नाही. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले आणि तिथलं कापड अजून आपल्या लग्नकार्यात मिरवतंय. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे कुठलीही बाजू वर घ्या. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली असेल तर घडीवर रेशीम चिरतं, जरीचे धागे तुटतात. अशी साडी पुन्हा नेसता येत नाही, तेव्हाच मी कात्री लावते. घड्या चुकवून बेतायचं, काठ बाह्यांना आणि खालच्या घेराला, पदराचे पट्टे पाठीवर. धड साडी कापून कुर्ता करणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण त्यांच्यासाठी शिवतही नाही.

महेश्वरी बेतण्याआधी सगळं साध्या कापडावर शिवून बघते. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991 साली बंद पडली, पण त्यांनी त्या दिवसांत आणलेलं कोरं कापड माळ्यावर अजून आहे, आणि चिवट असं की कात्रीला धार लावायला लावतं. अस्तराचं सुती कापड सीतलामाता बाजारातून आणते आणि रात्रभर पाण्यात टाकते. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं. रेशमाला मशीनची सुई अकरा नंबरची. सोळाची लावली तर धागे ओढले जातात.

परवा पुतणी रामबागेतून आली, पिशवीत एक रेडीमेड कुर्ता. "काकू, फक्त दोन इंच सैल करून द्या ना. लेबल पण नाही काढलंय अजून!" उलटा केला, आत अर्थातच काही नव्हतं. मग त्याच सेटच्या ओढणीची एक कड कापली, बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोड, घातला आणि तिथून घेरापर्यंत दोन्ही कुशींना पट्ट्या. रंग तोच, त्यामुळे मुद्दाम ठेवलेली फॅशन वाटते. मैत्रिणींनी कुठून घेतला विचारलं म्हणे. ओढणी आता हातभर आखूड झालीय, पण ती तशीही गाडीवर नाक-तोंड बांधायलाच वापरते, तिची काही तक्रार नाही. तिच्या आईची आहे.