‘पासिंग’ वाचताना नजर आयरीनवर ठेवा

अमेरिकी लेखिका नेला लार्सन यांची ‘पासिंग’ ही १९२९ची कादंबरी लहानशी आहे. तीन भाग, प्रत्येक भागात चार प्रकरणं. बहुतेक वाचक फसतात ते एकाच ठिकाणी: ही आयरीनची नव्हे, तिच्या मैत्रिणीची, क्लेअरची गोष्ट आहे असं धरून ते वाचत सुटतात.

‘पासिंग’ला मराठीत आयताच शब्द आहे. बाबूराव बागुलांनी तो १९६३च्या कथासंग्रहाच्या नावातच ठेवला: जात चोरणं. अमेरिकेत चोरायचा असे तो वंश. व्हर्जिनियाच्या १९२४च्या कायद्यात कृष्णवर्णीय पूर्वजाचा अंशमात्रही माणसाला गोरेपणातून बाद करायला पुरे होता. दिसायला उजळ असलेला माणूस मग गाव सोडायचा, आईबाप-भावंडांशी नातं तोडायचा आणि गोरा म्हणून जगायचा. आपल्याकडे आडनाव बिंग फोडतं. तिथे नातेवाईक फोडतात, आणि पोटचं मूलही फोडू शकतं.

आयरीन रेडफील्ड ही हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या डॉक्टरची, ब्रायनची बायको, दोन मुलांची आई. क्लेअर केंड्री तिची शिकागोतली बालमैत्रीण. ती गोरी म्हणून जगते आणि तिचा नवरा जॉन बेल्यू कृष्णवर्णीयांचा उघड द्वेष करतो. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी सगळं दिसतं ते आयरीनच्या डोळ्यांनी. क्लेअरच्या मनात आपण एकदाही शिरत नाही. तिचा लोभ, तिची बेफिकिरी, तिचा स्वार्थ हे सगळं आयरीनचं मत आहे, हे विसरलात की कादंबरी हातातून निसटते. आणि शिकागोत या दोघी पुन्हा भेटतात तेव्हा उन्हाने घेरी आलेली आयरीन स्वतःच एका बड्या हॉटेलच्या गच्चीवर गोरी समजली जाऊन थंड चहा पीत बसलेली असते!

क्लेअरकडच्या चहापानाचा प्रसंग सावकाश वाचा. तिथे तीन उजळ बायका जमतात. गर्ट्रूडचा नवरा गोरा आहे, पण त्याला सगळं ठाऊक आहे. क्लेअरच्या नवऱ्याला काहीच माहीत नाही. आयरीनचा नवरा कृष्णवर्णीय. बोलता बोलता विषय बाळंतपणावर येतो. बाळ काळं निघालं तर, या धास्तीत क्लेअरने नऊ महिने काढलेले. आता दुसरं मूल नकोच, असं तिचं ठरलेलं. गर्ट्रूडही त्याच भीतीतून गेलेली. त्यावर आयरीन शांतपणे सांगते, माझा एक मुलगा काळाच आहे. थोड्या वेळाने बेल्यू आत येतो आणि बायकोला वंशावरून शिवीवजा नावाने हाक मारतो. का, तर म्हणे लग्नानंतर ती दिवसेंदिवस सावळी होत चाललीय. आयरीन हसायला लागते ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबतच नाही. ते हसू म्हणजे नुसता अपमान गिळणं नव्हे. आपण कोण हे तिथे सांगणं म्हणजे क्लेअरला उघडं पाडणं, आणि ते तिच्याने होत नाही.

तिसऱ्या भागात राइनलँडर खटल्याचा ओझरता उल्लेख येतो. तो सोडून पुढे जाऊ नका. बायकोने आपला वंश लपवला म्हणून लग्न रद्द करावं, असा दावा न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घराण्यातल्या मुलाने केला होता. १९२५मध्ये ज्यूरीने बायकोच्या बाजूने कौल दिला. आयरीनला हा खटला आठवतो तेव्हा तिच्या डोक्यात क्लेअरची काळजी नसते. बेल्यूने क्लेअरला सोडलं, ती मोकळी झाली, तर आपल्या ब्रायनचं काय, हा तिचा घोर असतो. ब्रायनला कधीचं ब्राझीलला जायचंय आणि ते आयरीनने होऊ दिलेलं नाही. घराची घडी विस्कटू नये यासाठी ती काय काय करेल, हा माझ्या मते पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

त्याची खूण लार्सन एका कपात ठेवतात. आयरीनच्या घरी पाहुणे जमलेले असताना तिच्या हातून कप पडून फुटतो. आपलाच धक्का लागला, असं शेजारच्या पाहुण्याला वाटतं. ती त्याला सांगते, हा कप मला कधीच आवडला नव्हता. टाकावा कसा ते कळत नव्हतं, पाच मिनिटांपूर्वी सुचलं, फोडला की झालं. ब्रायन आणि क्लेअरबद्दलचा संशय तिच्या मनात नुकताच शिरलेला असतो. हे पान वाचून झालं की शेवटच्या पार्टीत, सहाव्या मजल्यावर, खिडकी कोण उघडतं ते बघा.

क्लेअर त्या खिडकीतून पडते. ढकललं, पडली की उडी मारली, हे लार्सन सांगत नाहीत. आयरीनचा हात तिच्या दंडावर होता, एवढंच आपल्याला कळतं.

प्रत घेताना शेवटचं पान तपासा. मूळ पुस्तकाच्या तिसऱ्या छपाईत अखेरचा छोटा परिच्छेद गळला, त्यामुळे आजही दोन्ही शेवट वाचायला मिळतात. एकात आयरीनची शुद्ध हरपते आणि सगळं काळोखात जातं. दुसऱ्यात त्यानंतर एक अनोळखी माणूस हा अपघाती मृत्यू असल्याचं म्हणतो आणि वर जाऊन ती खिडकी पुन्हा पाहू या, असं सुचवतो. मला काळोखाचा शेवट जास्त पटतो, कारण तिथे निवाडा करायला बाहेरचं कुणी येत नाही.