माल्टात शिकायला जाताय? पर्यटनाचा हंगाम आधी समजून घ्या

माल्टाचं क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख १९ हजार भरली, आणि २०२४ या एका वर्षात ३५ लाखांहून अधिक पर्यटक तिथे येऊन गेले. अशा देशात शिकायला निघालेल्याने फी आणि व्हिसाइतकाच तिथल्या हंगामाचाही अभ्यास करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. घर, काम, बस, सगळं हंगामावर चालतं. विद्यापीठाचं वर्ष मात्र ऑक्टोबरला सुरू होऊन जूनमध्ये संपतं, म्हणजे नेमकं उलट.

घरापासून सुरुवात करू. स्लिमा, सेंट ज्युलियन्स या किनाऱ्यालगतच्या भागांत बरेच घरमालक विद्यार्थ्यांना ‘मे अखेरपर्यंतच’ अशी अट घालतात. पुढे तीच खोली पर्यटकांना रात्रीच्या दराने जाते. गोव्यात कळंगुट-बागाकडे घर शोधलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण माल्टात २०२० पासून भाडेकरार कायदा लागू आहे आणि तो विद्यार्थ्याच्या बाजूने बराच भक्कम आहे. राहत्या घराचा करार किमान १ वर्षाचा असावा लागतो. ६ महिन्यांचा छोटा करार फक्त ठरावीक लोकांसाठी आहे, उदाहरणार्थ ज्यांचा अभ्यासक्रमच ६ महिन्यांहून कमी आहे ते परदेशी विद्यार्थी. वर्षाच्या करारात पहिले ६ महिने घर सोडता येत नाही. त्यानंतर रजिस्टर्ड पत्राने १ महिन्याची नोटीस दिली की मोकळे. म्हणजे ऑक्टोबरमध्ये करार केलेल्याला जूनच्या परीक्षेनंतर निघायचं असेल तर मेमध्ये पत्र टाकणं पुरतं, पण मालक त्याला जूनमध्ये बाहेर काढू शकत नाही.

करार हाउसिंग ऑथॉरिटी या सरकारी संस्थेकडे नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो टाळाटाळ करत असेल तर अनामत देऊच नका, कारण रहिवासी कार्डाच्या अर्जाला नोंदणीकृत करार लागतो. इथे अडकलं की पुढचं सगळं अडकतं. अनामत बहुधा एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. एजंट मध्ये असेल तर त्याची अर्ध्या महिन्याची दलाली आणि वर १८ टक्के व्हॅट धरा.

विजेचं बिल हा दुसरा खड्डा. घरात राहणाऱ्यांची संख्या ‘फॉर्म एच’ भरून नोंदवली तर स्वस्त ‘रेसिडेन्शियल’ दर लागतो आणि माणशी सवलतही मिळते. नोंद नसेल तर महाग ‘डोमेस्टिक’ दर. काही मालक बिल दाखवतच नाहीत, स्वतःच ठरवलेल्या दराने पैसे घेतात. करारावर सही करण्याआधी मूळ बिल मागा आणि मीटरचा फोटो काढून ठेवा.

आता काम. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला पहिल्या ९० दिवसांनंतरच, जॉब्सप्लस या सरकारी रोजगार संस्थेचा परवाना घेऊन, आठवड्याला २० तास काम करता येतं. ऑक्टोबरमध्ये पोहोचलेल्याचे ९० दिवस जानेवारीत संपतात. तेव्हा परीक्षा असतात आणि हॉटेलं सर्वांत रिकामी. त्यात परवान्याला आठवडे जातात. त्यामुळे पहिली खरी मिळकत मार्च-एप्रिलच्या आधी धरू नये आणि निदान ६ महिन्यांचं भाडं-जेवण घरूनच आणावं. कामाच्या भरवशावर कर्जाचा हिशोब मांडणाऱ्या एजंटांचं ऐकून मुलं नोव्हेंबरमध्येच अडचणीत येतात, याचं मनापासून वाईट वाटतं. हॉटेलातली नोकरी मिळाली तरी हिवाळ्यात पाळ्या कमी होतात. २०१९ मध्ये २७ लाखांहून अधिक असलेले पर्यटक २०२० मध्ये करोनामुळे साडेसहा लाखांवर आले, हेही विसरू नये. सुपरमार्केट, वृद्धाश्रम किंवा ऑनलाइन गेमिंग कंपन्यांचं ग्राहकसेवा केंद्र इथलं काम बारमाही असतं. शोध तिथून सुरू करा.

राहायला विद्यापीठाजवळचं म्सीदा, नाहीतर सान ज्वान, बिर्किर्कारा पाहा. पर्यटकांच्या किनारी भागांपासून थोडं बाजूला असल्याने तिथे हंगामाची झळ कमी लागते. बसचं स्वतःच्या नावाचं ‘तालिन्या’ कार्ड लगेच काढा. ऑक्टोबर २०२२ पासून या कार्डावर प्रवास फुकट आहे. कार्ड नसलेल्याला उन्हाळ्यात एका तिकिटाला अडीच युरो पडतात. उन्हाळ्यात भरलेली बस थांब्यावर न थांबता पुढे जाते, तेव्हा स्लिमाहून राजधानी व्हॅलेटाला जायचं असेल तर फेरी बरी.

घराचे फोटो बहुतेक उन्हाळ्यात काढलेले असतात. तिथल्या चुनखडीच्या दगडी घरांना हिवाळ्यात ओल येते आणि गरम ठेवण्याची सोय बहुधा नसते. खोली पाहताना कपाटाची मागची भिंत आणि खिडकीचा कोपरा तपासा. काळे डाग किंवा ताजा रंग दिसला तर ओल शोषणारं यंत्र मालकाने द्यावं, हे करारातच लिहून घ्या. खिडकी बाहेर न उघडता इमारतीच्या आतल्या बंदिस्त बोळात उघडत असेल, तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी नको म्हणा.