चोवीस महिन्यांचा फोन

ब्रिटनमधल्या मोबाइलच्या दुकानात एखाद्या फोनची किंमत विचारली, तर बहुधा किंमत न सांगता महिन्याचा आकडा सांगतात. फोन एका दुकानातून, सिमकार्ड दुसरीकडून आणि वर रिचार्ज, अशा सवयीने आलेल्या मला इथे दोन्ही गोष्टी एकाच करारात बांधलेल्या असतात, हे उमजायला काही दिवस लागले. करार साधारणपणे २४ महिन्यांचा असतो, रक्कम दरमहा बँकखात्यातून डायरेक्ट डेबिटने परस्पर वळती होते, आणि तिच्यात हँडसेटचा हप्ता किती व कॉल-डेटाचे पैसे किती, याची फोड पुष्कळदा केलेली नसते.

२०१६ मध्ये इथे आल्यावर मी केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला. करार ही एक प्रकारची उधारीच असल्यामुळे आधी पत तपासली जाते, आणि नव्याने आलेल्या माणसाची इथे पत चांगली नसते वा वाईटही नसते, ती नसतेच. तेव्हा मला अपमान वाटला होता. पुढच्या वर्षी अर्ज मंजूर झाला, तेव्हा मात्र परीक्षेत पास झाल्याच्या आनंदात मी करारातली बारीक अक्षरे न वाचताच सही केली.

त्याची किंमत २०१८ च्या डिसेंबरात, सुट्टीवर घरी आल्यावर कळली. आईच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी कानातल्याच्या टोकाने सिमचा ट्रे काढला, माझे जुने भारतीय सिम बसवले, आणि पडद्यावर ‘हे सिम चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना उमटली. फोन कंपनीच्या नेटवर्कला कुलूपबंद होता. बँकेचे ओटीपी त्याच सिमवर येत असल्यामुळे ती सुट्टी वडिलांचा बटणांचा फोन वापरून काढावी लागली. दूरसंचार नियामक ऑफकॉमने डिसेंबर २०२१ पासून असे कुलूपबंद फोन विकायला बंदी केली आहे. पण त्याआधीचा जुना फोन कुणाकडून घेत असाल, तर दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी चूक अधिक महागात पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये माझा करार संपला, म्हणजे हँडसेटचे पैसे फिटले. तरीही पुढचे चार महिने खात्यातून पूर्वीइतकीच रक्कम जात राहिली, कारण मी काही कळवले नव्हते आणि कंपनीलाही कळवण्याची घाई नव्हती. करार संपण्याआधी ग्राहकाला तशी सूचना देण्याचे बंधन ऑफकॉमने फेब्रुवारी २०२० पासून लागू केले. माझ्यापुरते सांगायचे, तर तो नियम पाच महिने उशिरा आला!

आता हिशेब पाहू. समजा फोनची रोख किंमत ६०० पौंड आहे आणि करार महिन्याला ३८ पौंडांचा आहे. २४ महिन्यांचे ९१२ पौंड होतात. त्याऐवजी फोन रोखीने घेऊन दहा पौंडांचे नुसते सिम घेतले, तर दोन वर्षांत ८४० पौंड लागतात. फरक ७२ पौंडांचा, म्हणजे हप्त्यांच्या सोयीसाठी फार नाही, असे वाटेल. पण बहुतेक करारांत दर वसंतात दरवाढ असते. ऑक्टोबरात सुरू झालेल्या करारात दर एप्रिलला दोन पौंड वाढले, तर एकूण ९६० पौंड भरावे लागतात आणि फरक १२० पौंडांवर जातो. पूर्वी ही वाढ महागाईच्या दराला जोडलेली असे. २०२३ मध्ये काही कंपन्यांनी ती १४.४ टक्के केली होती. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत वाढ पौंड-पेन्समध्ये आधीच लिहून द्यावी लागते. त्यामुळे हिशेब करता येतो, वाढ मात्र टळत नाही.

हँडसेटचा हप्ता बिनव्याजी आणि सिमच्या दरापासून वेगळा दाखवला असेल, तर कराराला माझी हरकत नाही. एकरकमी पैसे नसलेल्या विद्यार्थ्याला तो बराच सोयीचा पडतो. मात्र मध्येच मायदेशी परतायचे ठरले, तर उरलेले पैसे भरावे लागतात, हे व्हिसाची मुदत मोजत राहणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावे.

मी २०२० पासून फोन रोखीनेच घेते, तोही शक्यतो नूतनीकरण केलेला. पैसे क्रेडिट कार्डाने भरते, कारण वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त असली, की ती सदोष निघाल्यास १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमान्वये विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. सिम तीस दिवसांच्या बोलीवर असते. दर वाढला, की ६५०७५ या क्रमांकावर ‘PAC’ (पॅक) एवढाच शब्द पाठवायचा; मिनिटभरात येणारा कोड नव्या कंपनीला दिला, की नंबर तोच राहतो. आतापर्यंत तीनदा कंपनी बदलली. फोनच्या दुसऱ्या खणात भारतीय सिम असते आणि ओटीपी त्यावर इथेही येतात.