परवडणारी वाइड अँगल झूम लेन्स : निवडीची नोंद

निसर्गचित्रणासाठी वाइड झूमचा शोध आता निर्णयापाशी आला आहे. माझा कॅमेरा कॅननचा, एपीएस-सी सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) असल्यामुळे दहा मिलिमीटरच्या आसपास सुरू होणाऱ्या लेन्सचाच विचार केला. कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स १८ मिमीला कर्णावर साधारण ७४ अंशांचा कोन टिपते, तर १० मिमीला तोच कोन १०७ अंशांच्या पुढे जातो. टेलिफोटोच्या टोकाला आठ मिलिमीटरचा फरक लक्षातही येत नाही. या टोकाला मात्र त्यामुळे चित्राची सगळी मांडणी बदलते. पायाशी असलेला खडक चौकटीचा निम्मा भाग व्यापतो आणि मागचा डोंगर एवढासा होऊन बसतो, म्हणून अग्रभाग शोधण्याची सवय लेन्सबरोबरच लावून घ्यावी लागते.

एफ/२.८ ची, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठे उघडणारी, टोकिना ११-१६ बराच काळ मनात होती. रात्रीच्या आकाशासाठी ती खरोखर उत्तम आहे. पण माझे बहुतेक काम पहाटे आणि संध्याकाळी, ट्रायपॉडवर आणि एफ/८ च्या लहान छिद्रावर चालते. तिथे मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी मोजलेले पैसे आणि साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासचे वजन मला उपयोगी पडत नाही. शिवाय तिचा पल्लाही आखूड आहे. सिग्मा १०-२० च्या दोन आवृत्त्या आहेत : एफ/४-५.६ वालीला ७७ मिमीचा फिल्टर लागतो आणि एफ/३.५ वालीला ८२ मिमीचा. लेन्सची किंमत पाहताना फिल्टरची किंमत विसरून चालत नाही, कारण चांगला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) आणि एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) घेतले की स्वस्त वाटलेली लेन्स तितकीशी स्वस्त राहत नाही.

या हिशेबात २०१४ साली आलेली कॅनन ईएफ-एस १०-१८ पुढे निघाली. वजन २४० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा, शिवाय हाताची थरथर सावरणारा इमेज स्टॅबिलायझरही आहे. कॅमेऱ्याला जोडला जाणारा भाग, म्हणजे माउंट, प्लॅस्टिकचा आहे हे खरे, पण इतक्या हलक्या लेन्सला त्याची मला काळजी वाटत नाही.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांसाठी एक चाचणी आवर्जून लिहितो. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, स्टॅबिलायझर बंद करावा, दोन सेकंदांचा टायमर ठेवावा आणि दूरवरच्या एका झाडावर फोकस पक्का करून मग फोकसला हात लावू नये. मग तेच झाड आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून एफ/५.६ आणि एफ/८ ला फोटो घ्यावेत आणि शंभर टक्के मोठे करून पाहावेत. यादीतल्या एका जुन्या लेन्समध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यात फांद्या स्वच्छ सुट्या दिसत होत्या आणि उजवीकडे त्याच फांद्यांचा एकसंध हिरवा डाग झाला होता. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ती लेन्सच्या रचनेची मर्यादा समजावी. एकच बाजू ढासळलेली असेल तर आतली भिंगे मध्यापासून सरकलेली असण्याची शक्यता असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

१०-१८ चे चारही कोपरे एफ/८ ला समतोल निघाले. एफ/११ च्या पुढे जाण्याची गरज सहसा पडत नाही, कारण विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारीक तपशील मऊ होऊ लागतात आणि १० मिमीला एफ/८ वर सुमारे पासष्ट-सत्तर सेंटीमीटरवर फोकस धरला की साधारण एक फुटापासून अनंतापर्यंत सगळे समाधानकारक स्पष्ट येते. अडचण एवढीच की या लेन्सवर अंतराची पट्टी नाही. त्यामुळे तेवढ्या अंतरावरच्या दगडावर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहत) ऑटोफोकस करून मग मॅन्युअलवर टाकणे ही पद्धत मी बसवली आहे. पोलरायझर मात्र १० मिमीला निळ्या आकाशावर फिरवू नये. आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचे फिकट येते. ओल्या खडकांची आणि पानांची चमक काढायला तो उत्तमच आहे.

लेन्स निश्चित झाली असून पोलरायझर ६७ मिमीचाच घेतो आहे. किट लेन्सचा व्यास ५८ मिमी असल्यामुळे स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावून तो दोन्हीकडे चालेल. आता ग्रॅज्युएटेड फिल्टरच्या (अर्धा गडद, अर्धा पारदर्शक) होल्डरची कड १० मिमीला चौकटीत येते का, आणि येत असेल तर किती मिलिमीटरपर्यंत झूम केल्यावर ती जाते, हे तपासायचे आहे.